जुन्या पिकअपला दुसरा गिअरबॉक्स : वाचकांचे प्रश्न

मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या पिकअपचा मॅन्युअल गिअरबॉक्स बदलण्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रांचा सूर बहुतेक एकच : बॉक्स चांगला बघून आणला, बसवला, आणि आता क्लच सुटत नाही, नाहीतर आवाज येतो, नाहीतर चालत्या गाडीत गिअर सुटतो. दोष बॉक्सवर ढकलला जातो. दुखणं मात्र बहुधा इंजिन आणि बॉक्स यांच्या मधल्या वीतभर जागेत असतं, म्हणून उत्तरांचा मोठा हिस्सा त्या जागेलाच दिला आहे.

प्रश्न : माझ्या पिकअपचा चार गिअरचा बॉक्स गेला. त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचा पाच गिअरचा बॉक्स मिळतो आहे. विकणारा म्हणतो, ‘सरळ बसतो.’ खरंच बसेल का, हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं?

उत्तर : ‘सरळ बसतो’ म्हणजे बेल हाउसिंगचे (इंजिन आणि बॉक्स यांच्या मधलं, क्लच झाकणारं घंटेसारखं आवरण) बोल्ट जुळतात, एवढंच धरा. बाकीचं मोजून ठरवायचं. जुना बॉक्स उतरवलेला असेल तर उत्तम, दोन्ही शेजारी ठेवा. व्हर्निअर आणि स्टीलची पट्टी पुरते.

सुरुवात इनपुट शाफ्टपासून, म्हणजे इंजिनचं फिरणं बॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्यापासून करा. स्प्लाइनचे (शाफ्टवरच्या उभ्या खाचांचे) दाते किती, त्यांचा बाहेरचा व्यास किती, पायलट बुशात (क्रँकच्या टोकाच्या भोकात बसणाऱ्या, शाफ्टला आधार देणाऱ्या नळीत) शिरणाऱ्या गुळगुळीत टोकाची जाडी किती, आणि बेल हाउसिंग इंजिनला टेकते त्या पृष्ठभागाच्या हिशोबाने टोक कुठपर्यंत येतं, ही चार मापं लिहून घ्या. स्प्लाइन वेगळे निघाले तर घाबरायचं कारण नाही. जिचा हब (मधला भाग) नव्या शाफ्टला बसतो आणि बाहेरचा व्यास तुमच्या प्रेशर प्लेटला (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाला) चालतो, अशी क्लच प्लेट शोधायची. टोकाची जाडी वेगळी असेल तर आतून नव्या शाफ्टची आणि बाहेरून तुमच्या क्रँकची, असा बुश मिळतो किंवा लेथवर करून घेता येतो.

लांबीचं मात्र तसं नाही. शाफ्ट आखूड असेल तर टोक बुशात जेमतेम टेकतं. पहिल्या दिवशी काही कळत नाही, पण बुश एका बाजूने झिजत जातो आणि शाफ्ट हलायला लागतो. शाफ्ट लांब असेल तर तो क्रँकच्या भोकात तळाला लागतो. मग बेल हाउसिंगचे बोल्ट आवळताना तुम्ही सबंध क्रँकशाफ्ट पुढे ढकलत असता, आणि क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारा थ्रस्ट वॉशर पहिल्या चालवण्यातच भाजून निघतो. गिअरबॉक्स बदलताना इंजिन खलास होण्याची ही खात्रीची वाट. भोकाच्या तळाशी मऊ मातीची किंवा मेणाची गोळी चिकटवून बॉक्स एकदा कोरडा बसवून पाहा. काढल्यावर गोळी दोन-तीन मिलिमीटर तरी जाड राहिलेली हवी.

दुसरं महत्त्वाचं माप बरेच जण घेतच नाहीत. इनपुट बेअरिंगवरच्या झाकणाची गोल कड बेल हाउसिंगच्या भोकात घट्ट सरकून बसते आणि बॉक्स इंजिनच्या मध्याशी आणते. बोल्ट हे काम करत नाहीत, ते फक्त धरून ठेवतात. भोक मोठं आणि कड लहान असेल तर मध्ये कडी कातून बसवावी लागेल. ‘बोल्ट आवळले की बसेल’ असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडून बॉक्स घेऊ नका.

मागचा भाग तुलनेने सोपा. आउटपुटचे स्प्लाइन, बॉक्सची एकूण लांबी, रबर माउंटिंगची जागा, गिअर लिव्हर वर कुठे येतो, स्पीडोमीटरला केबल आहे की सेन्सर, रिव्हर्स लाइटच्या स्विचला किती तारा, आणि क्लचचा फोर्क (क्लच सोडवणारा दुफाटा दांडा) डावीकडे की उजवीकडे. लांबी बदलली तर प्रॉपेलर शाफ्ट (बॉक्सचं फिरणं मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा) कापून-जोडून बॅलन्स करावा लागतो. लिव्हर सरकला तर केबिनच्या पत्र्यात नवं भोक पडतं. ही सगळी कामं होण्यासारखी आहेत, फक्त ती आधी ठाऊक असावीत.

प्रश्न : माल भरून जाताना तक्रार नाही. रिकामी गाडी मोठ्या रस्त्यावर परत आणताना इंजिन ओरडतं. पाचवा गिअर घेतला तर किती फरक पडेल? टायर 235/75 आर 15, डिफरन्शियल 4.10.

उत्तर : हिशोबच करू. हा टायर भाराखाली एका फेऱ्यात साधारण 2.25 मीटर जातो. ताशी 80 किलोमीटर म्हणजे मिनिटाला 1,333 मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे 593 फेरे. चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्ट 4.10 फेरे फिरतो, म्हणून त्याला 4.10 ने गुणलं की थेट चौथ्या गिअरमध्ये इंजिन 2,430 वर फिरतं. पाचवा 0.80 चा असेल, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनचे 0.80 फेरे, तर 1,940. हा फरक कानालाही कळतो आणि टाकीलाही.

पण दुसरं टोकही बघा. जुन्या चार गिअरच्या ट्रक-बॉक्सांचा पहिला गिअर फार मोठा असतो. एनपी 435 मध्ये तो 6.68 च्या आसपास आहे. फोर्डच्या पिकअपांत नंतर आलेल्या पाच गिअरच्या एम5आर2 मध्ये पहिला 3.90 आणि पाचवा 0.80. तुमच्या डिफरन्शियलसह इंजिन 1,000 वर असताना पहिल्या बॉक्सवर गाडी ताशी पाच किलोमीटरपेक्षा किंचित कमी वेगाने सरकते, दुसऱ्यावर साडेआठच्या जवळपास. भरल्या गाडीने चढावर हलायचं असेल, चिखलातून काढायची असेल, तर हा फरक क्लच प्लेटच्या अंगावर येतो. दोन्ही टोकं हवी असतील तर एनव्ही 4500 सारखा बॉक्स आहे, पहिला 5.61 आणि पाचवा 0.73. तो लांब आहे, जड आहे, आणि जुन्या गाडीत बसवायला ॲडाप्टर व प्रॉपेलर शाफ्ट दोन्ही लागतात. नेहमी भरलेली चालणारी गाडी असेल तर आमचं मत जुन्या मोठ्या पहिल्या गिअरच्या बाजूने आहे. ओरडणं सहन होतं, जळलेली प्लेट नाही.

प्रश्न : लिफ्ट नाही, जमिनीवर पडूनच काम करायचं आहे. उतरवण्या-बसवण्याचा क्रम आणि कुठे काय चुकतं ते सांगा.

उत्तर : काम अवघड नाही, जड आहे. ॲल्युमिनियमचा हलका पाच गिअरचा बॉक्स 35 ते 50 किलोंचा असतो, ओतीव लोखंडाचा ट्रक-जातीचा 80 च्या पुढे जातो. छातीवर घेऊन बसवायचा प्रकार हलक्या बॉक्सबाबतही करू नका. ट्रान्समिशन जॅक भाड्याने आणा, आणि बॉक्स त्याला साखळीने बांधा.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. बॉक्स न्यूट्रलला ठेवून केबिनमधून लिव्हर काढा आणि भोकात स्वच्छ फडकं कोंबा. पडलेला एक वॉशर सगळा बॉक्स खोलायला लावतो. गाडी चार घोड्यांवर (जॅक स्टँडवर) इतकी उंच घ्या की जॅकवर ठेवलेला बॉक्स चेसिसखालून बाहेर निघेल. ही उंची बॉक्स खाली आल्यावर मोजायची नसते.

ऑइल काढताना आधी वरचा फिलर प्लग सुटतो का ते पाहा, मग खालचा ड्रेन प्लग खोला. उलट केलंत आणि फिलर गंजून बसलेला निघाला, तर रिकामा बॉक्स आणि भरायला वाट नाही. निघालेलं ऑइल वाया घालवू नका, ते बोलतं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक करडा लगदा असेल तर ती रोजची झीज. लोखंडाचे तुकडे म्हणजे दाते किंवा बेअरिंग. पितळी चकाकी म्हणजे सिंक्रोनायझरच्या, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या, रिंगा.

प्रॉपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियलच्या फ्लँजवर खूण करून शाफ्ट काढा. मागच्या तोंडातून उरलेलं ऑइल डोळ्यांवर येऊ नये म्हणून जुना योक (शाफ्टच्या टोकाचा दुफाटा) बसवा किंवा प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा. स्पीडोमीटर केबल, रिव्हर्सची तार, स्टार्टर काढा. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या दाबाने फोर्क ढकलणारा) पाइप न खोलता बोल्ट काढून बाजूला बांधा, आणि पेडलला चिठ्ठी लावा. कुणी पाय दिला तर पिस्टन बाहेर उडतो आणि सगळा क्लच ब्लीड करावा, म्हणजे पाइपमधली हवा काढावी लागते. सायलेन्सरचा पाइप आडवा येत असेल तर त्याच्या नटांवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

आता इंजिनच्या चेंबरखाली (ऑइलच्या तळाच्या डब्याखाली) मागच्या कडेला जाड लाकडी फळी देऊन जॅक लावा, बॉक्स दुसऱ्या जॅकवर घ्या आणि मग क्रॉस मेंबर (बॉक्सखालचा चेसिसचा आडवा तुळवा) काढा. इंजिनची मागची बाजू पाच-सात सेंटिमीटर खाली झुकवली की बेल हाउसिंगचे वरचे बोल्ट दिसायला लागतात. झुकवताना एकाने बॉनेट उघडून पुढे उभं राहायचं. पंखा रेडिएटरला, डिस्ट्रिब्युटर मागच्या पत्र्याला आणि होज ताणाला लागतात ते त्यालाच दिसतं. वरच्या बोल्टांसाठी अर्ध्या मीटरहून लांब एक्स्टेन्शन आणि वळणारा जॉइंट लागेल. बोल्टांची लांबी सारखी नसते. पुठ्ठ्यावर बेल हाउसिंगचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपल्या जागी टोचून ठेवा.

शेवटचे दोन बोल्ट समोरासमोरचे ठेवा. ते काढून त्या जागी त्याच आट्यांचे, दहा-बारा सेंटिमीटर लांब, डोकं कापलेले दोन बोल्ट पिळा. डोक्याच्या जागी करवतीने खाच पाडलीत तर ते स्क्रू ड्रायव्हरने निघतात. यांच्यावरून बॉक्स सरळ मागे सरकतो. शाफ्ट क्लच प्लेटमधून पुरता बाहेर येईपर्यंत शेपटी खाली जाऊ द्यायची नाही. बॉक्सचा सगळा भार इनपुट शाफ्टवर लटकला की प्लेटचा हब वाकतो. वाकलेला हब डोळ्यांना दिसत नाही. तो पुढे ‘क्लच सुटत नाही’ म्हणून दिसतो. बसवतानाही हेच लागू, किंबहुना जास्त, कारण तेव्हा प्लेट नवी असते.

बॉक्स बाहेर आहे तोवर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग (फोर्क ज्याने प्रेशर प्लेटची बोटं दाबतो) आणि पायलट बुश चारही एकदम बदला. यातलं एक वाचवून पुन्हा बॉक्स उतरवणं शहाणपणाचं नाही. क्रँकचा मागचा ऑइल सील ओलसर दिसला तर तोही. फ्लायव्हीलवर निळे डाग, बारीक चिरा किंवा नखाला लागणारी पायरी असेल तर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट कातून घ्या. जुना पायलट बुश निघत नसेल तर त्यात ग्रीस ठासून भरा आणि शाफ्टच्या टोकाएवढी जाड सळई घालून हातोडी मारा, ग्रीसच्या दाबाने बुश बाहेर येतो. नवा ब्राँझचा बुश असेल तर बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. सुईचा बेअरिंग असेल तर ग्रीस.

फ्लायव्हीलचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर. बरीच इंजिनं असे बोल्ट एकदाच वापरायला सांगतात. भोकं क्रँककेसमध्ये उघडत असतील तर आट्यांना सीलंट हवा, नाहीतर ऑइल बोल्टमधून झिरपून क्लचवर येतं. प्लेटची ‘फ्लायव्हील साइड’ लिहिलेली बाजू वाचा. डमी शाफ्टने (इनपुट शाफ्टच्या मापाच्या दांड्याने) प्लेट मध्यात धरा, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर अर्धा-अर्धा फेरा देत आवळा. एक बाजू आधी कचकून आवळली की कव्हर वाकतं आणि क्लच कायमचा थरथरतो. स्प्लाइनवर ग्रीसचा पातळ थर पुरे. जास्तीचं ग्रीस फिरताना उडून प्लेटवरच जातं.

प्रश्न : बॉक्स वर घेतला, शाफ्ट आत गेला, पण शेवटचं सव्वा सेंटिमीटर अंतर राहतं. बोल्ट लावून ओढून घेऊ का?

उत्तर : नको. केसिंगचा कान तुटेल किंवा क्लच प्लेटचा हब जाईल. बॉक्स टॉप गिअरमध्ये टाका, मागून आउटपुट योक हाताने थोडा फिरवत हलवा आणि जॅकची उंची व तिरकेपणा असा जुळवा की इंजिन आणि बेल हाउसिंग यांच्यातली फट वर, खाली, दोन्ही बाजूंना एकसारखी दिसेल. बहुतेकदा इथेच बॉक्स हातच्या जोराने आत जातो.

नाही गेला, तर बॉक्स उतरवा, क्लच काढून टाका आणि नुसत्या फ्लायव्हीलवर बॉक्स बसवून पाहा. आता पूर्ण बसला तर प्लेट मध्यावर नव्हती. आताही तेवढंच अंतर राहिलं तर बुश चुकीचा आहे किंवा शाफ्ट लांब आहे, आणि पहिल्या उत्तरातली गोळी लावून मोजायची वेळ आली आहे.

प्रश्न : बदललेल्या बॉक्सवर क्लच नीट सुटत नाही. इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात, चालू केलं की रिव्हर्स किंचाळतो. ब्लीडिंग केलं, मास्टर सिलिंडरही (पेडलजवळचा, स्लेव्हला दाब देणारा) नवा टाकला.

उत्तर : मास्टर नवा, पण कोणत्या मापाचा? स्लेव्ह जुन्या बॉक्सबरोबरचा की नव्या? पत्रात हे नाही, आणि बहुधा गाठ इथेच आहे. मास्टरचा बोर (आतला व्यास) 15.87 मिलिमीटर आणि त्याचा स्ट्रोक 30 धरू. स्लेव्हचा बोर 19.05 असेल तर त्याचा दांडा 20.8 मिलिमीटर सरकतो. तोच स्लेव्ह 22.22 चा लावला तर 15.3 वर थांबतो. व्यासात तीन मिलिमीटरांचा फरक, पण हिशोब वर्गाने होतो, म्हणून चतुर्थांशाहून जास्त हालचाल गेली. पेडल मात्र हलकं लागतं, त्यामुळे ‘छान झालं’ असंच वाटतं.

तेव्हा पट्टी घेऊन खाली शिरा, दुसऱ्याला पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि स्लेव्हचा दांडा किती सरकतो ते मोजा. मॅन्युअलपेक्षा कमी भरला तर दोष बाहेर आहे : हवा, बोरचं माप, किंवा पत्रा. जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडरच्या मागचा पत्रा थकून चिरतो आणि पेडल दाबलं की सिलिंडरसकट पुढे झुकतो. बॉनेट उघडून बघितलं तर साध्या डोळ्यांना दिसतं. हवा निघत नसेल तर स्लेव्ह बोल्टमधून सोडवा, ब्लीडरचं तोंड सगळ्यात वर येईल असा धरा, आणि पिस्टन बाहेर येणार नाही अशी सोय करून मग ब्लीड करा.

दांडा पुरेसा सरकतोय आणि तरी सुटत नाही, तर दोष आत आहे : प्लेट उलटी, हब वाकलेला, फोर्कचा टेकू किंवा रिलीज बेअरिंग दुसऱ्या जातीचं आणि कमी उंचीचं, किंवा पायलट बुश शाफ्टला चावतोय. शेवटच्या प्रकारात पेडल कितीही दाबा, क्रँक शाफ्टला ओढतच राहतो.

शाफ्टभोवती बसणारा गोल स्लेव्ह असेल तर बसवण्याआधी दोन मापं घ्या. बेल हाउसिंगच्या तोंडापासून दाबून बसवलेल्या बेअरिंगपर्यंत एक, आणि इंजिनच्या त्याच पृष्ठभागापासून प्रेशर प्लेटच्या बोटांपर्यंत दुसरं. यांच्या फरकाएवढी मोकळीक उरते. ती शून्य असून चालत नाही, कारण प्लेट झिजते तशी बोटं बॉक्सकडे येतात आणि सरकायला जागा नसेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहून घसरतो. किती मोकळीक ठेवायची ते स्लेव्ह बनवणाऱ्याच्या कागदावर असतं.

प्रश्न : कोणतं ऑइल घालावं? एकजण म्हणतो जाड घाला म्हणजे आवाज दबेल.

उत्तर : बॉक्सला जे सांगितलंय तेच. इंजिनच्या मॅन्युअलमध्ये नाही, बॉक्सच्या. एम5आर2 ऑटोमॅटिकचं ऑइल मागतो, म्हणजे एटीएफ. त्यात 80डब्ल्यू-90 हे जाड गिअर ऑइल घातलंत तर थंडीत गिअर पडत नाहीत आणि अरुंद वाटांनी बेअरिंगपर्यंत ऑइल वेळेवर पोहोचत नाही. याच बॉक्सच्या वरच्या भागात, मागच्या बाजूला, शिफ्ट रेलच्या (गिअर सरकवणाऱ्या दांड्यांच्या) भोकांना रबरी बुचं असतात. ती कडक होऊन गळतात आणि बॉक्स नकळत कोरडा पडतो. बॉक्स बाहेर असतानाच ती धातूची करून घ्या. एनव्ही 4500 ला 75डब्ल्यू-85, जीएल-4 दर्जाचं सिंथेटिक लागतं.

जीएल-4 आणि जीएल-5 हे गिअर ऑइलचे दर्जे. जीएल-5 हे डिफरन्शियलसाठी केलेलं. त्यातली गंधक-फॉस्फरसची जास्त मात्रा गरम झाल्यावर पितळी रिंगांना खाऊ शकते. शिवाय ते निसरडं असल्यामुळे रिंग शंकूवर पकड घेत नाही आणि गिअर करकरतो. ‘जीएल-5 म्हणजे जीएल-4 पेक्षा वरचं’ असं समजू नका. सपाट जागेवर फिलरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा. आणि आवाज दाबण्यासाठी जाड ऑइल घालणं हा गाडी विकणाऱ्याचा उपाय आहे, चालवणाऱ्याचा नव्हे.

प्रश्न : वापरलेला बॉक्स बसवल्यापासून घरघर येते. पुन्हा उतरवण्याआधी काय गेलंय ते सांगता येईल का?

उत्तर : कधी येते त्यावरून बरंच कळतं. गाडी उभी, न्यूट्रल, पाय क्लचवरून काढलेला असताना आवाज, आणि पेडल दाबलं की बंद : इनपुट बेअरिंग किंवा खालच्या काउंटर शाफ्टची (इनपुटकडून फिरणारा, खालच्या गिअरांना चालवणारा शाफ्ट) बेअरिंगं, कारण पेडल दाबल्यावर ती थांबतात. उलट पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. पेडल दाबून गिअरमध्ये उभं असताना बारीक चिरकणं येत असेल तर पायलट बुश, कारण तेव्हाच क्रँक फिरतो आणि शाफ्ट स्थिर असतो. पहिल्या तीनही गिअरांत घरघर, थेट चौथ्यात जवळजवळ शांत : काउंटर शाफ्ट, कारण चौथ्यात त्याच्यावर भार नसतो. एकाच गिअरमध्ये आवाज म्हणजे त्याच जोडीचे दाते.

पुढच्या वेळी बॉक्स घेताना इनपुट शाफ्ट हाताने हलवून पाहा. वर-खाली थोडा हलतो, ते चालतं, त्याचं पुढचं टोक पायलट बुशच धरणार असतं. पुढे-मागे ठकठक झाली तर मात्र ठेवा तिथेच. वरचं झाकण काढू देत असतील तर दुसऱ्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग पाहा, सगळ्यात आधी तीच झिजते. रिंग शंकूवर दाबून धरा आणि रिंग व गिअर यांच्या दात्यांमधली फट फिलर गेजने मोजा. नवी असताना साधारण 1 मिलिमीटर किंवा जास्त असते. अनेक जपानी बॉक्सांत 0.8 च्या खाली गेली की रिंग बदलायची.

प्रश्न : चढावर ॲक्सिलरेटर सोडला की चौथा गिअर आपोआप न्यूट्रलला येतो. बॉक्स खोलून बघितला, आत सगळं ठीक आहे.

उत्तर : मग आत शोधू नका. आधी केबिनमध्ये बसून चौथा टाका आणि लिव्हर पत्र्याच्या कडेला किंवा कडक झालेल्या रबराला टेकतोय का ते पाहा. बदललेल्या बॉक्सवर हे फार वेळा होतं, गिअर पुरता आत जातच नाही. नंतर इंजिनचं आणि बॉक्सचं रबर माउंटिंग, आणि बेल हाउसिंगचे बोल्ट ढिले आहेत का.

हे सगळं नीट असेल तर बॉक्स इंजिनच्या मध्यावर नाही. चौथ्यात इनपुट आणि मेन शाफ्ट थेट जोडलेले असतात, म्हणून वाकडेपणा तिथेच आधी दिसतो. बॉक्स आणि क्लच काढून नुसतं बेल हाउसिंग इंजिनला लावा, डायल गेज फ्लायव्हीलवर बांधून त्याची सुई भोकाच्या आतल्या कडेला टेकवा, प्लग काढून क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. सुईची एकूण हालचाल 0.13 मिलिमीटरच्या आत असावी, ही सर्वसाधारणपणे पाळली जाणारी मर्यादा. लक्षात ठेवा, सुई दाखवते त्याच्या निम्मं हाउसिंग सरकलेलं असतं. सुई 0.36 फिरली तर हाउसिंग 0.18 ने बाजूला आहे. डोवेल पिना (हाउसिंग इंजिनवर नेमक्या जागी धरणाऱ्या) गायब असतील तर आधी त्या बसवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर एका बाजूला सरकवलेल्या ऑफसेट पिना मिळतात, 0.18, 0.36 आणि 0.53 मिलिमीटरच्या. योग्य ती घालून, दिशा जुळवून, पुन्हा गेज लावा.

प्रश्न : बॉक्स बदलल्यावर ताशी 70 च्या पुढे मागून थरथर येते, आणि स्पीडोमीटरही जास्त दाखवतो. दोन्हींचा संबंध आहे का?

उत्तर : नाही, दोन वेगळी कामं आहेत. थरथर बहुधा प्रॉपेलर शाफ्टच्या कोनाची. बॉक्सची शेपटी वर-खाली झाली की पुढच्या क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या वळणाऱ्या जोडाचा) कोन बदलतो. कोनमापक लावून बॉक्सचं तोंड, शाफ्ट आणि डिफरन्शियलचं तोंड असे तीन कोन घ्या. पुढच्या आणि मागच्या क्रॉसचा कोन एकमेकांपासून एक अंशाच्या आत आणि प्रत्येकी एक ते तीन अंश असावा. अगदी शून्यही नको, क्रॉसच्या सुया हलल्याच नाहीत तर एकाच जागी खड्डे पाडतात. माउंटिंगखाली पत्र्याच्या शिम देऊन दुरुस्ती होते. शाफ्ट कापून जोडला असेल तर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत ना, तेही बघा. आणि स्लिप योक (बॉक्सच्या शेपटीत आत-बाहेर सरकणारा) पूर्ण आत ढकलल्यावर जिथे अडतो, तिथपासून चालू अवस्थेत तो दोन-अडीच सेंटिमीटर बाहेर असायला हवा.

स्पीडोमीटरसाठी केबलच्या टोकाचा प्लॅस्टिक गिअर बदला. खरा वेग 60 असताना काटा 66 दाखवतो आणि गिअरला 20 दाते आहेत, तर 20 ला 66 ने गुणून 60 ने भागा : 22 दाते. दाते वाढले की काटा खाली येतो.

प्रश्न : ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल बसवता येईल का?

उत्तर : येतो, पण भंगारातली अख्खी मॅन्युअल गाडी हाताशी असेल तरच त्यात पडा. पेडलं, फ्लायव्हील, त्याचे वेगळ्या लांबीचे बोल्ट, बेल हाउसिंग, क्रॉस मेंबर, वायरिंग, सगळंच लागतं. ऑटोमॅटिकच्या काही क्रँकना पायलटचं भोक पुरतं कातलेलंच नसतं. फ्लायव्हीलचा बॅलन्सही, म्हणजे त्यात मुद्दाम ठेवलेलं एकतर्फी वजनही तपासा. फोर्डच्या 302 इंजिनात जुन्यांना 28 औंस-इंच आणि 1980 नंतरच्या दशकातल्यांना 50 औंस-इंच लागतो. दोन्ही फ्लायव्हील सारखीच दिसतात, पण चुकीचं लावलं तर इंजिन सुरू होताच गाडी हादरते.

प्रश्न : चारही चाकांवर चालणारी गाडी आहे. गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतं, पण खाली थेंब नाही.

उत्तर : ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना फिरणं वाटणाऱ्या डब्याचा) फिलर प्लग उघडा. ऑइल सांडलं, म्हणजे पातळी वर आली आहे, तर दोघांमधला सील गेला आणि तुमचं ऑइल तिकडे साठतंय. बॉक्स बदलताना हा सील जुनाच राहिला असणार. सील बदलताना आउटपुट शाफ्टवर जिथे त्याची कड घासते, तिथे नखाला खाच लागते का पाहा. लागली तर नवा सील काही आठवड्यांत गळेल, तिथे पातळ स्टीलची स्लीव्ह चढवा. दोन्ही डबे रिकामे करून आपापलं ऑइल भरा, मिसळलेलं परत वापरू नका, आणि दोन्हींचे ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी वाट) साफ करा. तुंबलेल्या ब्रीदरचा दाब नव्या सीललाही बाहेर ढकलतो.